सेलमचा पाठ

"मी आहे," कोपऱ्यातून आवाज आला.

वर्गातला गोंगाट एकदम थांबला आणि सगळ्यांनी माना वळवल्या. खिडकीजवळच्या बाकावर रंजना वळवी बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, पाय जुळवलेले, परीक्षेच्या हॉलमध्ये एखादी मुलगी बसते तशा.

"तुम्ही काय?" वृंदा कारखानीसनं विचारलं.

"चेटकीण. मी आहे. तुंगारे सरांना सोडा आता."

एकच हशा पिकला. टाळ्या वाजल्या. "मी म्हणत नव्हते? पहिल्यापासून मला डाउट होता!" वृंदानं बाकावर थाप मारली. तुंगारे सर मटकन खाली बसले आणि रुमालानं मान पुसू लागले.

मला मात्र हसू आलं नाही. त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं, की चेटकीण कुणीच नव्हतं.

नीट सांगते. पाचगणीच्या एका निवासी शाळेत अमेरिकेच्या इतिहासाचा वरच्या पातळीचा अभ्यासक्रम सुरू व्हायचा होता. शाळेचं नाव सांगत नाही, ती अजून चालू आहे आणि तिची फी अजून वाढते आहे. मुलं पुढं शिकायला तिकडेच जाणार, तर परीक्षाही तिकडचीच दिलेली बरी, असं पालकांचं म्हणणं. प्रतापगडाकडे पाठ करून बसायचं आणि बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या कुणी बुडवल्या ते शिकवायचं, असा तो उद्योग. पण शिकवणारे आधी तयार करायला हवेत, म्हणून मला बोलावलं होतं. मी एका उन्हाळ्यात ओहायोला जाऊन हे प्रशिक्षण घेऊन आले होते आणि तेवढ्या भांडवलावर 'तज्ज्ञ' म्हणून गावोगाव मिरवत होते.

जूनची सुरुवात होती. मुलं अजून यायची होती. वसतिगृहात गाद्या गुंडाळून ठेवलेल्या, पाण्याच्या टाक्या रिकाम्या, आणि दरीतून धुकं उठून थेट व्हरांड्यात यायचं. बोलत चाललेलं माणूस चार पावलं पुढं गेलं की नुसता आवाज उरायचा. पहिल्या दिवशी त्याची गंमत वाटली.

डोंगरावरच्या तीन शाळांतून आठ शिक्षक आले होते. त्यातल्या चौघांची नावं घेतली तरी पुरे. वृंदा कारखानीस पुण्याची, हुशार, खणखणीत आवाजाची, सगळ्यांत आधी हात वर करणारी. तुंगारे सर निवृत्तीला टेकलेले, त्यांचा उजवा हात कायम थरथरायचा. अत्तार सर साताऱ्याचे, हसतमुख. आणि फिलोमिना डिमेलो वसईची, दुपारी सगळ्यांना आपल्या डब्यातलं लोणचं वाढणारी. वळवीबाई पाचव्या. त्यांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्षच नव्हतं.

वळवीबाई नंदुरबारकडच्या. शाळेचा मराठी माध्यमाचा विभाग त्या वर्षी बंद व्हायचा होता आणि त्या त्याच विभागात होत्या. हा नवा अभ्यासक्रम मिळाला तर नोकरी टिकणार, नोकरी टिकली तर आवारातली खोली टिकणार. त्या खोलीत त्यांची म्हातारी आई होती.

"आम्हाला दुसरीकडे जायला जागा नाही मॅडम," पहिल्याच चहाला त्यांनी मला सांगितलं. तक्रार नव्हती, माहिती होती.

"गावाकडे?"

"गावी नाही."

पुढं मी विचारलं नाही. त्यांचं इंग्रजी पुस्तकातलं होतं पण पक्कं होतं, वाचन दांडगं होतं, आणि मला त्या मनापासून आवडल्या होत्या. पण माझ्या आवडीवर काही नव्हतं. या अभ्यासक्रमात एकानं तपासलेली उत्तरपत्रिका दुसरा तपासतो आणि दोघांचे गुण जुळेपर्यंत दोघं हुज्जत घालत बसतात. म्हणून प्राचार्य दारूवालांची अट होती: आठही जणांचं एकमेकांशी जमलं पाहिजे. ज्याच्याशी बाकीचे काम करायला तयार नाहीत, तो बाद.

आता तो खेळ. अमेरिकेत सेलम नावाच्या गावात तीनशे वर्षांपूर्वी चेटकिणींचे खटले झाले, माणसं फासावर गेली. तो धडा शिकवण्याची अमेरिकेतल्या शिक्षकांची एक ठरलेली रीत आहे. सगळ्यांना घडी घातलेली एकेक चिठ्ठी वाटायची. सांगायचं, काही चिठ्ठ्यांवर 'चेटकीण' लिहिलंय, बाकींवर 'साधा माणूस'. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. एकमेकांना हवे ते प्रश्न विचारा, संशयितांना बाजूला काढा आणि चेटकीण नसलेला गट करा. मुलं पेटून उठतात. मग शेवटी शिक्षक विचारतो, चेटकीण कोण, हात वर करा. एकही हात वर होत नाही, कारण सगळ्या चिठ्ठ्यांवर 'साधा माणूस'च लिहिलेलं असतं. मग हशा, मग चर्चा. ओहायोत माझ्यावरही हा प्रयोग झाला होता आणि नंतर आम्ही पिझ्झा खाल्ला होता.

पाचगणीतही सुरुवात हसतखेळतच झाली. मग वृंदानं तुंगारे सरांना विचारलं, "सर, हात का थरथरतोय?"

"अहो, तो नेहमीच..."

"आज जास्त थरथरतोय."

"नाही हो, मी नाही."

"घाम का आलाय मग? एवढी थंडी आहे."

"नाही, खरंच नाही. मी साधा माणूस आहे."

"सगळेच तसं म्हणतात, काय वो सर?" अत्तार हसत म्हणाले, पण त्यांनीही आपली खुर्ची पुढं ओढली. सरांभोवती कडं झालं. सर जितकं नाही म्हणत तितकं ते कडं आवळत गेलं. आता थांबवावं असं मनात आलं आणि मी तोंड उघडणार, एवढ्यात कोपऱ्यातून वळवीबाईंचा आवाज आला.

"चिठ्ठी दाखवा बघू," मी त्यांना म्हणाले. हा घोळ तिथंच मिटेल अशी माझी खात्री होती.

"नाही माझ्याकडे."

"म्हणजे?"

"खाल्ली."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी थोडा उशिरा आणि थोडा कमी.

मी सरळ खेळ उलगडून टाकला. "हे बघा, चेटकीण कुणीच नाही. सगळ्या चिठ्ठ्या मी स्वतःच्या हातानं लिहिल्यात. सगळ्यांवर एकच आहे. उघडा."

सातही जणांनी चिठ्ठ्या उघडल्या. साधा माणूस. साधा माणूस. साधा माणूस. मी विजयी मुद्रेनं पाहत राहिले.

"बरोबर आहे मॅडम," वृंदा शांतपणे म्हणाली. "आम्ही सात जण साधेच आहोत. आठवीचं काय?"

"अगं, तीसुद्धा मीच लिहिली."

"मग त्या हो का म्हणाल्या? कुणी स्वतःहून म्हणेल का असं?"

मी वळवीबाईंकडे पाहिलं. त्या फळ्याकडे बघत होत्या. चिठ्ठी त्यांच्या पोटात होती आणि ती उघडून दाखवण्याचा कुठलाच मार्ग जगात नव्हता. "मॅडम त्यांना वाचवतायत," कुणीतरी मागून पुटपुटलं. मग चहाची घंटा झाली.

त्या दुपारी मेसमध्ये लांबलचक टेबलावर आम्ही जेवायला बसलो. वळवीबाई बसल्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मुद्दाम कुणी केलं असं म्हणता येणार नाही. डिमेलोनं लोणच्याची बाटली फिरवली, ती वळवीबाईंच्या अलीकडून परत फिरली. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले, तर सगळ्यांचं बोलणं थांबलं, आणि माझ्या ताटातला भात संपेपर्यंत ते सुरू झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृंदाचा आवाज गेला.

गेला म्हणजे साफ गेला. ती तोंड उघडायची आणि नुसती हवा यायची. दोन दिवस धुक्यात तारस्वरात बोलल्यावर कुणाचाही घसा बसेल, मी तेच म्हणाले. डिमेलो म्हणाली, "बसेल ना. पण तिचाच कसा बसला? तीच नडली होती वळवीला."

"फिलोमिना, तू शास्त्र शाखेची आहेस."

"शास्त्राची आहे म्हणून तर विचारते, बाय."

नाश्त्याला दूध नासलं. दुपारी तुंगारे सर पायरीवरून घसरले आणि गुडघा सोलून आले. आदल्या दिवशी ज्यांना सोडवलं तेच सर, हे लक्षात आणून दिलं तर अत्तार म्हणाले, "सोडवलं का धरलं, कोण सांगावं मॅडम?" म्हणाले हसतच. पण वळवीबाई वर्गात आल्या तशी त्यांची नजर खाली गेली, आणि बाकीच्यांचीही. त्या जिथून जात तिथं लोक जरा भिंतीला चिकटत. कुणी त्यांना वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही. आठ माणसांच्या प्रशिक्षणात एका माणसाभोवती रिकामी जागा तयार झाली होती आणि ती त्यांच्याबरोबर चालायची.

"नंदुरबारकडं हे असतंच म्हणे," असं मी व्हरांड्यात ऐकलं. धुक्यात बोलणारा दिसला नाही. आवाज ओळखीचा वाटला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गरम पाणी मागायला गेले. दारातच थबकले. शेगडीभोवती सगळे उभे होते, वळवीबाई सोडून. वृंदा स्टुलावर बसली होती आणि डिमेलो मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन तिच्यावरून ओवाळत होती. अत्तार सरांनी निखारे फुलवले. तुंगारे सर गुडघ्याला पट्टी बांधून बाजूला उभे. अंधश्रद्धेवरचे निबंध तपासणारी, त्यात चुका काढणारी ही माणसं. ब्राह्मण, ख्रिस्ती, मुसलमान, या एका बाबतीत मात्र आमची भक्कम एकी होती.

डिमेलोनं मूठ निखाऱ्यावर टाकली. मोहऱ्या तडतडल्या, मिरच्या काळ्या पडल्या, धूर उठला.

ठसका आला नाही.

लहानपणापासून मी हे पाहत आलेय. मिरच्या जळल्या की खोकून खोकून घर डोक्यावर घेतलं जातं. आणि ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती असं आई म्हणायची. आम्ही सगळे धुरात उभे होतो, डोळ्यांत पाणी नाही, घशात खवखव नाही. मी दारात उभी राहून खोकल्याची वाट बघत होते. मुद्दाम खोकावं असंसुद्धा मनात आलं. कुणीच खोकलं नाही.

वृंदानं माझ्याकडे पाहिलं. आवाज नव्हता, पण ओठ हलले ते मला वाचता आले. "बघितलंत?"

प्राचार्य दारूवालांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावलं. उंच, वाकलेले, सत्तरीकडे झुकलेले पारशी गृहस्थ. भलते सज्जन.

"सबनीसबाई, हा काय तमाशा लावलाय?" ते म्हणाले. "सगळे येऊन गेले माझ्याकडे. वळवीबरोबर काम करणार नाही म्हणतात."

"कारण काय सांगितलं?"

"कारण कोण सांगतो? म्हणतात, जमत नाही."

"सर, तो एक खेळ होता."

"ते मला समजतं. पण मला शाळा चालवायची आहे ना? आठ माणसांत एकाला सात नको म्हणतात, तर मी सातांना काढू?" त्यांनी चष्मा पुसला. "तुम्हीच तिला सांगा, तिच्या चिठ्ठीत काही नव्हतं, असं तिनं सगळ्यांसमोर बोलावं. बस. मिटला विषय."

मला ते पटलं. मी वळवीबाईंना ग्रंथालयात गाठलं. त्या उद्याच्या पाठाची तयारी करत होत्या. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं एक नमुन्याचा पाठ घ्यायचा होता आणि त्यांच्या वाट्याला नेमकं सेलम आलं होतं.

"नाही म्हणून टाका," मी म्हणाले. "सांगा, गंमत केली. एवढ्यासाठी नोकरी घालवाल?"

"नाही म्हणून काय होतं मॅडम?"

"म्हणजे?"

"तुंगारे सर नाही म्हणत होते." त्यांनी पुस्तक मिटलं. "मी आज नाही म्हटलं, तर ते पुन्हा शोधायला लागतील. वृंदा मॅडमचा घसा कुणामुळे तरी बसलाच आहे ना आता?"

हे त्या इतक्या साधेपणानं बोलल्या. मला राग आला. त्यांचा आला, प्राचार्यांचा आला, ओहायोच्या त्या पिझ्झा खाणाऱ्या मास्तरांचासुद्धा आला. "तुमच्या आईचा तरी विचार करा," मी म्हणाले.

"तोच करतेय," वळवीबाई म्हणाल्या. "उद्या मला पाठ घेऊ द्या. प्राचार्य सरांना पण बोलवा. मग जे ठरवायचं ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं होतं की भर दुपारी वर्गातले दिवे लावावे लागले. सगळे दाराच्या बाजूला दाटीवाटीनं बसले होते. मी मागच्या बाकावर गुणांचा तक्ता घेऊन बसले आणि माझ्या शेजारी दारूवाला.

वळवीबाई स्टीलचं एक पातेलं घेऊन आल्या. त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या.

"त्या दिवशीचाच खेळ," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा मॅडमनी लिहिल्या होत्या. आज मी लिहिल्यात."

त्या पातेलं घेऊन एकेकासमोर उभ्या राहिल्या. नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. दारूवालांनी एक उचलली. "मॅडम, तुम्ही पण," त्या मला म्हणाल्या. मीही उचलली आणि बाकाखाली उघडून पाहिली.

'डाकीण.'

चेटकिणीसाठी त्यांच्याकडचा शब्द, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. माझे कान तापले. हा डाव मला पुरता पाठ होता, मी तो डझनभर गावांत खेळवला होता, आणि तरी मला वाटलं ते एवढंच: हिनं मला धरलं. माझ्या खेळानं तिचं वाटोळं केलं, म्हणून तिनं नेम धरून मला ही चिठ्ठी दिली. मी ती घडी घालून मुठीत दाबली आणि चेहरा सरळ ठेवला.

"विचारा एकमेकांना," वळवीबाई म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मग अत्तारांनी डिमेलोला काहीतरी विचारलं. डिमेलो "मी नाही" म्हणाली आणि लगेच तुंगारे सरांकडे वळली. सर "छे छे" म्हणाले आणि त्यांनी चक्क दारूवालांना विचारलं, "सर, आपण?" दारूवाला म्हणाले, "मी? अरे, मी तर पाहुणा!" सगळे घाईत होते. प्रत्येक जण आपल्यावरचा प्रश्न दुसऱ्यावर ढकलत होता. त्या दिवशी यांच्या डोळ्यांत खेळाची चमक होती, आज ती नव्हती. सगळे घाबरले होते आणि का ते मला कळत नव्हतं.

मग वृंदानं घोगऱ्या, फाटक्या आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्ही आज बोलत नाही काही?"

सगळे माझ्याकडे वळले.

"मी काय बोलू? मी नाही."

"हात दाखवा ना. मूठ का आवळलीय?"

"अगं, चिठ्ठी आहे त्यात."

"तुमचे कान लाल झालेत," डिमेलो म्हणाली.

"मी नाही, सांगितलं ना."

तो 'नाही' माझ्याच कानांना खोटा वाटला. खरं सांगते, चिठ्ठी कोरी असती तरी तो तसाच वाटला असता. खुर्च्या सरकल्या. अत्तार उठून उभे राहिले. दारूवाला बाकावर माझ्यापासून वीतभर दूर सरकले, ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तुंगारे सर माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणत होते आणि त्यांचं ते बोट मुळीच थरथरत नव्हतं. ही सगळी माझ्याबरोबर चहा पिणारी माणसं. मला उठून पळावंसं वाटलं. नाही, मी नाही, मी पुन्हा म्हणाले, आणि ते आणखी जवळ आले.

"हो," मी म्हणाले. "हो, मीच आहे."

खोलीतला ताण झर्रकन उतरला. सगळ्यांचे खांदे खाली आले. कुणीतरी मोठा श्वास सोडला. आणि लाज वाटते पण सांगते, मलासुद्धा बरं वाटलं.

"आता सगळ्यांनी चिठ्ठ्या उघडा," खिडकीजवळून वळवीबाई म्हणाल्या.

एकही मूठ उघडली नाही. वळवीबाई पुढं आल्या. वृंदासमोर उभ्या राहिल्या आणि हात पुढं केला. वृंदानं मूठ सैल सोडली. डाकीण. डिमेलोची उघडली. डाकीण. अत्तारांची, तुंगारे सरांची, मागच्या तिघांची, सगळ्यांची तीच. दारूवालांनी आपली स्वतःहून बाकावर ठेवली आणि नजर दुसरीकडे वळवली.

बाहेर व्हरांड्यात धुक्यातून पाणी ठिबकत होतं.

"सेलममध्ये," वळवीबाई शिकवायच्या आवाजात म्हणाल्या, "जी माणसं शेवटपर्यंत नाही म्हणाली ती फासावर गेली. एका म्हाताऱ्यानं हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही, त्याला दगडांखाली चेपून मारलं. आणि पाद्र्याच्या घरी एक गुलाम बाई होती, ती सगळ्यांत आधी हो म्हणाली. ती जगली. जे हो म्हणाले ते जगले. मुलांना हा प्रश्न हमखास येतो परीक्षेत. का जगले, ते सांगा."

कुणी हात वर केला नाही. वृंदानंसुद्धा नाही.

"त्या दिवशी तुझ्या चिठ्ठीत काय होतं?" शेवटी वृंदानं विचारलं. पहिल्यांदाच ती 'तू' म्हणाली होती.

"मी वाचली नाही."

"न वाचताच खाल्लीस?"

"चिठ्ठीत काय आहे यावर कधी ठरत नाही," वळवीबाई म्हणाल्या. "आमच्या गावात एक पोर तापानं गेलं. भगतानं माझ्या काकीचं नाव घेतलं. काकी नाही म्हणाली. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मार खाऊन ती गेली, तरी लोकांचं शोधणं थांबेना. मग ते आमच्या दाराशी आले. मी तिसरीत होते. माझ्या डोळ्यांबद्दल बोलायला लागले, ही पोर अशी का बघते म्हणून. तेव्हा आई बाहेर आली आणि हो म्हणाली. मीच आहे, ती नव्हती, ही पण नाही. मीच." त्यांनी पातेलं उचललं. "आम्हाला गावाबाहेर काढलं. परत पाय ठेवायचा नाही म्हणाले. पण जगलो."

पाठाची वेळ संपली होती. गुणांच्या तक्त्यावर मी काही लिहिलं नव्हतं.

तुंगारे सर उठले, लंगडत गेले आणि वळवीबाईंच्या हातातलं पातेलं त्यांनी आपल्या हातात घेतलं. काय करावं हे सुचलं नाही म्हणून घेतलं असावं. डिमेलो रडत होती. वृंदा भिंतीशी उभी राहिली, मग कर्कश घोगऱ्या आवाजात प्राचार्यांना म्हणाली, "सर, हा वर्ग हिलाच द्या. आम्ही हिच्या हाताखाली काम करू."

दारूवालांना गहिवरून आलं होतं. पारशी माणूस, एकदा ठरलं की थांबणारा नव्हे. "चला," ते मला म्हणाले, "आईला आपणच सांगून येऊ." वळवीबाई नको नको म्हणत होत्या, पण ते छत्री घेऊन निघालेसुद्धा. आम्ही तिघं आवाराच्या टोकाच्या खोल्यांकडे गेलो.

म्हातारी दारात जुन्या पोत्यावर बसली होती. लहानखुरी, केस पांढरे, गळ्यात चांदीची हासळी. आम्हाला बघून तिनं हात जोडले. डोळे स्वच्छ होते, ऐकू नीट येत होतं.

दारूवाला तिच्यासमोर वाकले. "आजी, तुमची मुलगी फार मोठी टीचर आहे. तिची नोकरी पक्की केली. खोली पण पक्की. आता तुम्ही इथंच राहणार ना?"

"हो," म्हातारी म्हणाली.

"मजेत राहणार ना?"

"हो."

दारूवाला खूष होऊन हसले. मीही हसले. त्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळं वाटलं. म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "बघा, कशी पटकन हो म्हणाली!"

वळवीबाई आईच्या शेजारी खाली बसल्या आणि तिचा विस्कटलेला पदर सारखा करू लागल्या.

"सर, वाईट वाटून घेऊ नका," त्या हळूच म्हणाल्या. "इथून जाणार का असं विचारलं असतंत, तरी ती हो म्हणाली असती. तेव्हापासून ती कुणालाच नाही म्हणत नाही."